‘पुट ऑफ’ कुणाला केलंय, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचा परदेशी ग्राहकाशी इंग्रजीतून पत्रव्यवहार चालू होता. एका मेलला उत्तर आलं, त्यात हे वाक्य होतं: ‘टू बी ऑनेस्ट, वी वेअर अ बिट पुट ऑफ बाय द टोन ऑफ युअर लास्ट ईमेल.’ ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, एवढंच त्यांना शाळेपासून ठाऊक. काम लांबणीवर पडलं असं समजून त्यांनी नवी तारीख विचारली आणि त्यानंतर पलीकडून चकार शब्द नाही. मग कोश उघडला, तर अर्थांची ही रांग. आता ते विचारतात, की हे सगळे अर्थ पाठ करायचे का? आणि केले तरी ऐन वेळी यातला कुठला घ्यायचा, हे ओळखायचं कसं?

आधी त्या वाक्याचं बघू. त्यात कुणी काहीच पुढे ढकललेलं नाही. ‘खरं सांगायचं तर तुमच्या मागच्या मेलचा सूर आम्हाला जरा खटकला,’ असं ते म्हणताहेत. आणि तो ‘जरा’ शब्दशः घेऊ नका. व्यवहाराच्या इंग्रजीत नाराजी बहुतेक वेळा पातळ करून सांगतात. ‘अ बिट’ हे त्यासाठीच घातलेलं पाणी. मुळात नाराजी किती असेल, हे लिहिणारा कोण, तुमची ओळख किती जुनी, आधीच्या मेलमध्ये तुम्ही काय लिहिलं होतं, यावर अवलंबून आहे. एका वाक्यावरून मी ते सांगू शकत नाही. पण नाराजी कळवल्यावर उत्तरात फक्त तारीख विचारली गेली, तर ‘यांना काही पडलेलीच नाही’ असा समज होणार. अजून वेळ गेलेली नाही. दोन ओळी लिहा, की सूर तसा उमटला याचं वाईट वाटतं, तसा हेतू नव्हता, आणि तुमच्या वाक्याचा अर्थ मी वेगळा घेतल्यामुळे मध्येच तारखेचं विचारलं. कामाचं त्याच्या खाली, नव्या परिच्छेदात.

आता मूळ प्रश्न. मी भाषांतरं करतो, इतरांची तपासतो आणि मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवतो. तपासायला आलेल्या कागदांत ‘पुट ऑफ’ चुकलेलं दिसतं, तेव्हा अर्थ माहीत नसणं हे कारण क्वचितच असतं. माहीत असलेला पहिला अर्थ डोक्यात इतका घट्ट बसलेला असतो, की बाकीचं वाक्य वाचलंच जात नाही. ‘डोन्ट लेट हिज मॅनर पुट यू ऑफ’ याचं भाषांतर ‘त्याच्या पद्धतीला तुम्हाला पुढे ढकलू देऊ नका’ असं माझ्यासमोर आलेलं आहे. लिहिणारी व्यक्ती हुशार होती. फक्त ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्ये बसलेल्या ‘यू’कडे तिने पाहिलं नाही. तिथे माणूस आहे. माणूस कसा पुढे ढकलणार? एवढा प्रश्न पडला असता तरी पुरे होतं. मराठीत ते वाक्य सरळ आहे: ‘त्याच्या वागण्यावर जाऊ नका.’

म्हणून माझं म्हणणं असं, की अर्थ पाठ करू नका. ‘पुट ऑफ’ कुणाला किंवा कशाला केलंय ते बघायची सवय लावा. कर्म बघा. कर्म एखादं काम, बैठक, निर्णय, भेट, म्हणजे ज्याला वेळ असते अशी गोष्ट असेल तर ती पुढे ढकललेली असते. कर्म माणूस असेल तर बहुतेक वेळा त्याचं मन कशावरून तरी उडालेलं किंवा बिचकलेलं असतं. ‘बहुतेक वेळा’ म्हणालो, कारण एक चोरवाट आहे, तिच्याकडे येतोच.

असं का होतं, यात थोडं शिरलं तर सगळे अर्थ एका धाग्यात ओवता येतात. ‘ऑफ’मध्ये मुळात दूर होण्याची, सुटण्याची कल्पना आहे, ‘ऑफ’ (off) आणि ‘ऑव्ह’ (of) हे एकेकाळी एकच शब्द होते आणि जोर देऊन उच्चारलेलं रूप पुढे वेगळं झालं. तर ‘पुट ऑफ’ म्हणजे काहीतरी दूर करणं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये जळत्या झुडपापाशी मोशेला (मोझेसला) देवाची आज्ञा होते ती ‘पुट ऑफ दाय शूज’ अशी. म्हणजे पायातले जोडे काढ. आज त्या अर्थाने ‘टेक ऑफ’ म्हणतात, पण कल्पना स्पष्ट दिसते: अंगावरची वस्तू दूर केली. तसंच काम ‘आत्ता’पासून दूर केलं की ते लांबणीवर पडतं. दारात आलेल्या माणसाला सबबी सांगून दूर केलं की ती त्याची बोळवण होते. आणि एखाद्याचं मन एखाद्या गोष्टीपासून दूर केलं की त्याची इच्छा मरते. दूर करणं सगळीकडे तेच आहे. काय दूर केलं आणि कशापासून, एवढंच बदलतं.

परकी भाषा शिकताना आपण एकटेच अडतो असं समजू नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यात जड जाते. अशा जोडीला आज रूढ असलेलं ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या पुस्तकातून ते लोकांपुढे आलं. मराठी माणसाला खरं तर हे इतकं परकं वाटायला नको. ‘करून पाहिलं’, ‘करून टाकलं’, ‘करून बसला’ यांत करणं तेच असतं, पण शेवटच्या शब्दाने सगळा रंग बदलतो. ‘तो लग्न करून बसला’ हे ऐकून कुणी त्याच्यासाठी खुर्ची शोधत नाही.

आता एकेक अर्थ घेऊ. पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळे सारखे अडवत नाहीत.

पुढे ढकलण्याचा अर्थ तुम्हाला येतोच. तरी त्यातली एक छटा सांगतो. ‘पोस्टपोन’ हा कार्यालयीन शब्द आहे. त्यात फक्त तारीख बदलते. ‘पुट ऑफ’मध्येही नुसती तारीख बदलू शकते, पण कितीदा तरी त्यात नको वाटण्याचा वास असतो. ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ म्हणजे ‘आज करू, उद्या करू म्हणत मी चालढकल करतोय.’ दाताच्या डॉक्टरकडे जाणं, अवघड फोन करणं, वजन बघणं, ही सगळी ‘पुट ऑफ’ करायची कामं. शिवाय यात कुणीतरी ठरवून ढकललेलं असावं लागतं. गाडी उशिरा सुटली तर ती ‘डिलेड’. तिला कुणी ‘पुट ऑफ’ केलं असं म्हणत नाहीत. आणि ‘कॉल ऑफ’शी गल्लत करू नका. पावसामुळे सामना ‘पुट ऑफ’ झाला तर तो पुढे कधीतरी होणार आहे, तिकीट जपून ठेवा. ‘कॉल्ड ऑफ’ झाला तर रद्द. दोन्हीकडे ‘ऑफ’ असल्यामुळे घाईत हे उलटसुलट होतं आणि त्याचे परिणाम व्याकरणाच्या चुकीपेक्षा महाग पडतात.

याच अर्थात एक नियम आहे जो मोडलेला लगेच कानाला लागतो. ‘पुट ऑफ’च्या पुढे दुसरी क्रिया आली तर ती ‘इंग’ लावून येते. ‘शी पुट ऑफ गोइंग’ हे बरोबर, ‘शी पुट ऑफ टु गो’ हे चूक. आपण ‘जायचं लांबणीवर टाकलं’ या वळणाने विचार करतो, म्हणून ‘टु गो’ तोंडात येतं. आणि ‘पुट’चं रूप भूतकाळातही ‘पुट’च राहतं, त्यामुळे ‘दे पुट ऑफ द डिसिजन’ हे वाक्य कालचं की रोजचं, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं.

आता माणूस कर्म असलेले अर्थ. खरी मौज इथे आहे आणि गोंधळही.

सगळ्यात जास्त भेटणारा अर्थ मन उडण्याचा. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय डिनर’, म्हणजे ‘त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली.’ ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द टायटल’, म्हणजे ‘नाव वाचून बिचकू नका’. ‘द ॲक्सिडेंट पुट हर ऑफ ड्रायव्हिंग’, म्हणजे ‘त्या अपघातापासून तिने गाडी चालवायचा धसकाच घेतला.’ या तीन भाषांतरांत तीन वेगळी मराठी क्रियापदं आली ते पाहा. कोश इथे ‘परावृत्त करणे’ असा एकच शब्द पुढे करतो. तो चूक नाही, पण जेवणापासून कुणी परावृत्त होत नसतं. वासना उडते, मन विटतं, शिसारी येते. भीती असेल तर धसका, संकोच असेल तर बिचकणं, कुणाच्या बोलण्याचा राग असेल तर खटकणं. इंग्रजी शब्द फक्त ‘दूर झालं’ एवढं सांगतो. का दूर झालं ते वाक्यातून काढून मराठीत आपल्याला निवड करावी लागते. म्हणूनच ‘पुट ऑफ’चा एकच मराठी प्रतिशब्द मागू नका, मिळणार नाही.

याच अर्थातून ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण निघालं. शब्दांची अदलाबदल झाली म्हणून तो वेगळाच शब्द वाटतो, पण अर्थ तोच: मन उडवणारं, नकोसं वाटायला लावणारं. हे विशेषण फक्त याच बाजूचं आहे. लांबणीवर पडलेल्या बैठकीला ‘ऑफ-पुटिंग मीटिंग’ म्हटलंत, तर तुम्ही त्या बैठकीला किळसवाणी म्हटल्यासारखं होईल. क्वचित ते खरंही असेल म्हणा.

दुसरा अर्थ लक्ष उडवण्याचा. कुणी नेम धरतोय, कुणी पेटी वाजवतोय, आणि बाजूला एक जण टक लावून उभा आहे. ‘स्टॉप स्टेअरिंग, यू आर पुटिंग मी ऑफ!’ इथे मन विटलेलं नाही, चित्त विचलित झालंय. हा वापर मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला. अमेरिकी माणूस त्याऐवजी ‘यू आर डिस्ट्रॅक्टिंग मी’ किंवा ‘थ्रोइंग मी ऑफ’ म्हणेल. तेव्हा वाक्य कुठल्या देशातून आलंय, याचाही अर्थाशी संबंध असतो.

तिसरा अर्थ बोळवणीचा. ‘ही पुट देम ऑफ विथ प्रॉमिसेस’, म्हणजे आश्वासनांवर त्यांची बोळवण केली. यात फसवणूक असेलच असं नाही, पण टोलवाटोलवी नक्की असते. ओळखीची खूण म्हणजे पुढे येणारा ‘विथ’. कशाच्या जोरावर कटवलं, ते त्याच्यामागे येतं.

आणि आता ती चोरवाट. ‘वी हॅड टु पुट अवर व्हिजिटर्स ऑफ टिल फ्रायडे.’ कर्म माणसंच आहेत. पण इथे पाहुण्यांचं मन उडवलेलं नाही. त्यांचं येणं शुक्रवारवर ढकललंय. माणसाचं नाव घेऊन त्याच्या भेटीबद्दल बोलायची ही पद्धत. अशा वाक्यात ‘टिल’, ‘अनटिल’ किंवा एखादा वार, तारीख जवळपास असते. त्यामुळे कर्म माणूस दिसला की एकदा पुढे नजर टाका. वेळ दिसली तर लांबणीवर. ‘बाय’ दिसला तर त्याच्यामागे मन उडायचं कारण. ‘विथ’ दिसला तर बोळवण. आणि ‘ऑफ’च्या पाठोपाठ थेट वस्तू किंवा ‘इंग’वालं क्रियापद आलं, तर ज्याच्यावरून मन उडालं ती गोष्ट तीच.

एवढ्याने सगळी वाक्यं सुटतात असा दावा नाही. ‘शी वॉज पुट ऑफ’ एवढंच तुटक वाक्य आलं तर मागचा परिच्छेद वाचण्याला पर्याय नाही. ‘बाय’ही कधी दगा देतो: ‘द ट्रिप वॉज पुट ऑफ बाय अ वीक’ यात तो कारण सांगत नाही, किती दिवसांनी ढकललं ते सांगतो. पण तिथे कर्म सहल आहे, माणूस नाही; म्हणजे पहिली कसोटी लावली असती तर फसलो नसतो. तुम्हाला आलेल्या मेलमध्ये ‘वी’ होतं आणि ‘बाय द टोन’ होतं. माणूस आणि कारण. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

आता शब्दांच्या जागा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात. पण नामाऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हणत नाहीत. हा नियम बहुतेकांना येतो, आणि त्यामुळेच ‘इट पुट मी ऑफ इट’ असं वाक्य दिसलं की ते छापण्यातली चूक समजून दुरुस्त करायला धावतात. ते अगदी बरोबर आहे. इथे ‘पुट’चं कर्म ‘मी’ आहे, म्हणजे बोलणारा, आणि ते मध्ये बसलेलं आहेच. शेवटचा ‘इट’ हा ‘ऑफ’चा आहे: कशावरून मन उडालं, ते. म्हणजे इथे ‘ऑफ’ आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं काम करतंय, ‘-वरून’सारखं. ही जोडी एकदा वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. दोन्हींतला फरक कळला की अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो. आणि इथे ‘फ्रॉम’ घुसवू नका. ‘पुट मी ऑफ फ्रॉम ड्रायव्हिंग’ असं आपल्याकडून होतं, कारण ‘-पासून’ म्हटलं की ‘फ्रॉम’ आठवतं. ‘ऑफ’नेच ते काम केलेलं आहे.

बोलताना कान ठेवला तर आणखी एक मदत मिळते. ‘पुट इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. ऐकणाऱ्याला तो ‘ऑफ’ ठळक ऐकू आला पाहिजे. आपण बऱ्याचदा ‘पुट’वर जोर देतो आणि ‘ऑफ’ गिळतो, मग समोरचा ‘पुट इट... व्हेअर?’ असं विचारतो.

राहिले दोन किरकोळ अर्थ. दिवा मालवणं: ‘पुट ऑफ द लाइट’ हे इंग्रजीत आहे, चूक नाही, पण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त रुळलेलं. दिव्यापुरतं चालेल, संगणक, फोन, यंत्रं यांना ते लावू नका. आणि वाहनातून उतरवणं: तिकीट नसलेल्या प्रवाशाला कंडक्टरने ‘पुट हिम ऑफ द बस’ केलं, म्हणजे खाली उतरवलं. इथेही माणूस मध्ये आणि ‘ऑफ’मागे बस आहे, रचना मन उडण्याच्या अर्थाचीच, फक्त मनाऐवजी देह दूर झाला. नावाड्यांच्या बोलीतला, किनारा सोडून निघायचा अर्थ जुन्या समुद्रकथा वाचणार असाल तरच लागेल.

शेवटी वापरायचं कसं, कारण वाचणं आणि लिहिणं यांचे नियम वेगळे. वाचताना सगळे अर्थ ओळखता आले पाहिजेत. लिहिताना सगळे वापरायची काही सक्ती नाही. औपचारिक सूचनेत तारीख बदलली असेल तर ‘पोस्टपोन’ लिहा. तिथे ‘पुट ऑफ’ लिहिलंत तर कुणी चूक काढणार नाही, पण चालढकलीचा तो वास नाहक येतो. सहकाऱ्याशी गप्पांत, ओळखीच्या माणसाच्या मेलमध्ये ‘पुट ऑफ’ अगदी सहज. दुसऱ्याच्या वागण्याबद्दल ‘आय वॉज पुट ऑफ’ लिहायचं असेल तर मात्र दोनदा विचार करा. मराठीत ‘मला ते आवडलं नाही’ म्हणण्यापेक्षा ते बोचरं आहे, कारण त्यात ‘आणि मी लांब झालो’ हेही येतं. नापसंती सांगून संबंध टिकवायचा असेल तर नेमकं काय खटकलं ते साध्या शब्दांत लिहिलेलं बरं. आणि वहीत टिपायचं असेल तर ‘पुट ऑफ = ...’ असं समीकरण लिहू नका. पूर्ण वाक्य उतरवा, कर्माखाली रेघ मारा आणि ‘ऑफ’च्या पुढचा शब्द गोलात घ्या.